जिप्सी (जी१३बीबी) + स्पीडुइनो : वाइडबँड कोणता घ्यावा? ४.२, ४.९ की एडीव्ही?

सह्यधार

जिप्सी किंग, जी१३बीबी, १२९८ सीसी, इंजिन आतून कंपनीचंच. टर्बो नाही, कॅम बदललेला नाही. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो, म्हणजे आपणच जुळवायचा ओपन सोर्सवाला, ०.४ बोर्ड, अर्डुइनो मेगा २५६० वर. गाडी सुरू होते, स्लोवर उभी राहते, पण व्हीई टेबलचा (कुठल्या वेगाला, भाराला इंजिन किती हवा ओढतं तो तक्ता, पेट्रोल त्यावरून ठरतं) बाकीचा भाग निव्वळ अंदाजाने भरलेला आहे. पाईपवर अजून मूळचा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर आहे, तो पेट्रोल जास्त (रिच) की कमी (लीन) एवढंच सांगतो. म्हणून नेमकं प्रमाण सांगणारा वाइडबँड बसवायचा आहे.

विचारायचं आहे ते असं:

१) बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड घ्यावा की त्यांचाच एडीव्ही? जुन्या बाजारात ४.२ स्वस्तात मिळतोय, तो चालेल का?
२) सेन्सर थेट स्पीडुइनोला जोडता येतो का, की मध्ये कंट्रोलर लागतोच?
३) जिप्सी आहे, म्हणजे पावसाळ्यात ओढे-नाले आलेच. सेन्सर पाईपवर कुठे बसवावा?
४) पंपावर आता ई२० च (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. मग टार्गेट एएफआर (हवा-इंधनाचं प्रमाण) १४.७ ठेवायचं की १३.५?

---

ओमचा_नियम

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. थेट जोडता येत नाही. नॅरोबँड स्वतःच ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, म्हणून तो कुठल्याही अ‍ॅनालॉग इनपुटला लागतो. वाइडबँड असं काही देत नाही. त्याच्या आत दोन सेल असतात. नर्न्स्ट सेल ४५० मिलिव्होल्टवर टिकवून धरायला पंप सेलमधून किती करंट ढकलावा लागतो, ते मोजायचं आणि त्यावरून लॅम्ब्डा काढायचा (१ म्हणजे हवा-इंधन बरोबर, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन). हे मोजणं आणि हीटर सांभाळणं ही दोन्ही कामं कंट्रोलरची.

करंट किती बारीक असतो बघा. ४.९ मध्ये लॅम्ब्डा १ ला शून्य, ०.९ ला साधारण उणे ०.५ मिलिअँपिअर, ०.८ ला उणे १.११, आणि उघड्या हवेत अडीचच्या थोडं वर. लीन बाजूला तर १.० पासून १.१८ पर्यंत जाताना जेमतेम ०.३३ मिलिअँपिअरचा फरक पडतो. म्हणून या वायरी कुठेही तोडून, पिळून, टेप मारून जोडल्या की रीडिंगचा भरवसा संपला.

काही ईसीयूमध्ये हा कंट्रोलर आतच असतो, उदाहरणार्थ ईसीयूमास्टरचा ईएमयू ब्लॅक. तिथे सेन्सर सरळ ईसीयूला जातो. स्पीडुइनोत तो नाही. शिवाय मेगा २५६० ला कॅन (गाडीतल्या यंत्रांना आपसात बोलायची डिजिटल लाइन) नाही, त्यामुळे फक्त कॅनवर बोलणारे कंट्रोलर तुमच्या उपयोगाचे नाहीत. ० ते ५ व्होल्टचं अ‍ॅनालॉग आउटपुट असलेलाच घ्या. एईएमचा एक्स सिरीज गेज, इनोव्हेटचा एलसी-२, १४पॉइंट७ चा स्पार्टन, यांपैकी काहीही चालेल. ड्रायव्हरला समोर आकडा हवा असेल तर गेजवाला. नुसतं लॅपटॉपवर ट्यून करायचं असेल तर डबी पुरते.

आता सेन्सर. ४.९ घ्या. ४.२ जुन्या बाजारातला तर अजिबात नको. त्याचं कारण फक्त जुनेपणा नाही. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरींच्या आतून सेन्सरपर्यंत पोचते. कनेक्टरजवळ तेल, क्लीनर, सीलंट काहीही गेलं की ती हवाच बिघडते आणि सगळी रीडिंग्ज हळूहळू सरकत जातात. कुठे एरर येत नाही, आकडा फक्त खोटा असतो. ४.९ मध्ये ही संदर्भाची हवा सेन्सर स्वतः पंप करून तयार ठेवतो.

४.२ आणि ४.९ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या. कंट्रोलर सेन्सरचं तापमान त्याच्या अंतर्गत रोधावरून ओळखतो. ४.२ ला ८० ओम म्हणजे साधारण ७५० अंश, ४.९ ला ३०० ओम म्हणजे ७८० अंश. तापमान वाढलं की रोध कमी होतो. म्हणजे ४.२ च्या कंट्रोलरला कनेक्टर बदलून ४.९ लावला, तर तो ८० ओम दिसेपर्यंत हीटर तापवतच राहणार. सेन्सर भाजून निघतो.

एडीव्ही वाईट नाही, लवकर गरम होतो. पण त्याला चालणारा कंट्रोलर हवा, आणि गावात ऐन वेळी बदली सेन्सर मिळणं ४.९ चंच सोपं. एनटीकेचे सेन्सरही उत्तम असतात, पण त्यांचा कंट्रोलर वेगळा आणि आपल्याकडे सेन्सर सहज हाती लागत नाही. सोडून द्या.

---

बेंडपाईप

बसवण्याबद्दल लिहितो. यात चुकलं तर महागातला सेन्सरसुद्धा महिनाभर टिकत नाही.

आटे एम१८ × १.५, म्हणजे बहुतेक नॅरोबँडचे असतात तेच. मूळ सेन्सरच्या जागी तो बसू शकतो, पण आधी जागा तपासा. मॅनिफोल्डला अगदी चिकटून असेल तर नको. चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर, हेडच्या तोंडापासून ५०-६० सेंटिमीटर खाली, आणि कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर त्याच्या आधी. बॉशची मर्यादा अशी: सेन्सरपाशी धूर ९३० अंशांपर्यंत, पण षटकोनी भाग ६०० च्या आत आणि वायर जिथून बाहेर पडते तिथलं रबर २५० च्या आत. जाळतो तो धूर कमी, शेजारच्या तापलेल्या पाईपची धग जास्त. (टर्बो असता तर धूर टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर लावायचा, त्याआधी नाही. टर्बाइनच्या आधी साठलेल्या दाबाने आकडा बिघडतो.)

वेल्डिंगचा नट, म्हणजे बंग, एसएसचा किंवा एमएसचा चालतो. वेल्डिंग करताना आत जुना सेन्सर किंवा एम१८ चा बोल्ट घट्ट बसवून ठेवा, नाहीतर आटे आत ओढले जातात आणि मग टॅप मारत बसावं लागतं. नवा सेन्सर आत ठेवून वेल्डिंग करायचं नाही, आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग असेल तर कंट्रोलरचा कनेक्टर काढा.

कोन: घड्याळात बघितलं तर दहा ते दोनच्या मध्ये, पण बरोबर बाराला नको. टोक खाली, वायर वर, आडव्या रेषेपासून किमान १० अंश तिरपा. पाईपात पाणी साठतंच, सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर सायलेन्सरमधून थेंब पडतात ते तेच. सेन्सर आडवा किंवा खालून असेल तर हे पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि त्याला तडा जातो. वाइडबँड मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

घट्ट करायला ४० ते ६० न्यूटन-मीटर, पाना २२ चा. नव्या सेन्सरच्या आट्यांना पेस्ट लावलेली येते. पुन्हा बसवताना लावायची वेळ आली तर फक्त आट्यांना, टोकाच्या जाळीला बोट लागू देऊ नका.

ओढ्याबद्दल: बाहेरून पाणी उडालं तर फारसं होत नाही, मडगार्डसारखी पत्र्याची छोटी पट्टी लावली तरी पुरे. पण पाईपचं तोंड पाण्यात असताना इंजिन बंद पडलं तर पाणी उलट आत चढतं. त्यानंतर लगेच चावी फिरवली तर सेन्सर गेला. कनेक्टर चॅसिसवर खाली लोंबत ठेवू नका, वायर वर घेऊन फायरवॉलपाशी बांधा.

---

सह्यधार

दोघांचेही आभार. ४.९ पक्का. बेंडपाईप, मूळ सेन्सर मॅनिफोल्डच्या अगदी खाली आहे, तेव्हा नवीन नट वेल्ड करून घेतो. जुन्या जागी जुना नॅरोबँडच प्लग म्हणून राहू देऊ का?

आणि कंट्रोलरला १२ व्होल्ट कुठून द्यायचा? इग्निशनवरून दिला की चावी ऑन केल्यावर लगेच हीटर चालू होईल ना? मग ते पाण्याचं?

---

बेंडपाईप

राहू द्या जुना. फक्त त्याच्या गॅस्केटमधून हवा ओढत नाही ना, एवढं बघा. त्या ठिकाणी बारीक गळती असेल तर ती तुमच्या नव्या सेन्सरच्या आधी आहे आणि आकडा लीन दाखवणार.

---

ओमचा_नियम

तुमची शंका बरोबर आहे. चावी ऑन करून दहा मिनिटं गाणी ऐकत बसलात, तर थंड, ओल्या पाईपात सेन्सर ७८० अंशांवर लाल होऊन बसतो. मग इंजिन सुरू झालं की पाण्याचा पहिला फवारा त्याच्यावर. चांगले कंट्रोलर आधी कमी व्होल्टेजवर हळूहळू तापवतात. बॉशचीही तीच अपेक्षा आहे: पाणी उडेपर्यंत सरासरी २ व्होल्टच्या आत, नंतर सेकंदाला जास्तीत जास्त ०.४ व्होल्टने वाढ. पण इंजिन चालू आहे की नाही हे कंट्रोलरला कळत नाही.

उपाय सोपा आहे. वेगळा रिले घ्या आणि त्याची कॉइल फ्युएल पंपच्या सिग्नलवर टाका. स्पीडुइनो चावी ऑनवर पंप थोडा वेळ प्राइम करून बंद करतो आणि इंजिन फिरायला लागलं की पुन्हा चालू करतो. सेन्सरही तसाच वागेल. पंपाच्याच वायरीवरून थेट पॉवर घेऊ नका. पंप आणि हीटर एका वायरीवर आले की दोघांनाही व्होल्टेज कमी पडतं, आणि हीटरला १०.८ च्या खाली काम जमत नाही. फ्यूज कंट्रोलरच्या पुस्तकात असेल तेवढाच.

आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. सेन्सर पाईपात आहे पण कंट्रोलर बंद, अशा अवस्थेत गाडी चालवू नका. हीटर बंद असेल तर टोक पुरेसं तापत नाही, काजळी आणि तेलाचा थर बसतो आणि तो पुन्हा जळून जात नाही. कंट्रोलर बिघडला तर सेन्सर काढा, भोकात बोल्ट लावा, मग गाडी चालवा.

---

सोल्डरगन

वरचं सगळं ठीक आहे, पण स्पीडुइनोवर अर्धे लोक अडकतात ते अर्थिंगपाशी. त्यावर कुणी बोललं नाही, म्हणून लांबण लावतो.

एईएम एक्स सिरीजचं गणित असं: एएफआर = २.३७५ × व्होल्ट + ७.३१२५. म्हणजे ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८. आता हीटरचा करंट कंट्रोलरच्या अर्थमधून चेसिसला जातोय, आणि ईसीयूचा अर्थ इंजिन ब्लॉकवर आहे. या दोन ठिकाणांत ०.१ व्होल्टचा फरक असला, आणि जुन्या जिप्सीत तो सहज असतो, तर ईसीयूला एएफआर जवळजवळ ०.२४ ने चुकीचा दिसतो. गेजवर १२.८, लॅपटॉपवर १३.०. लोक मग सेन्सरला शिव्या घालतात. रिझोल्यूशनचा इथे काही संबंध नाही. मेगाचा एक काउंट म्हणजे ४.९ मिलिव्होल्ट, ते भरपूर आहे.

म्हणून कंट्रोलरचा पॉवर अर्थ ईसीयूचा पॉवर अर्थ जिथे आहे तिथेच, ब्लॉकवर, रंग खरवडून. कंट्रोलरला सिग्नलची वेगळी अर्थ वायर असेल तर ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. दोन्ही एकत्र पिळून चेसिसला मारू नका.

तपासणी: इंजिन स्लोवर, गेज आणि ट्यूनरस्टुडिओ (लॅपटॉपवरचं ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर) शेजारी शेजारी. फरक लिहून घ्या. मग हेडलाइट, पंखा चालू करा. फरक बदलला तर दोष अर्थिंगचाच. फरक सगळीकडे सारखाच, पण लाइट लावल्याने हलत नाही, तर ऑफसेट आहे. फरक लीन बाजूला वाढत जातो, तर ट्यूनरस्टुडिओत कॅलिब्रेशन चुकीचं निवडलंय. टूल्समध्ये कॅलिब्रेट एएफआर टेबल उघडा आणि यादीतलं नाव डोळे झाकून निवडू नका, कारण एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलचं गणित वेगळं असतं. एईएमच्याच जुन्या गेजला ० व्होल्ट म्हणजे १० आणि ५ व्होल्ट म्हणजे २० होतं. कस्टम लिनिअर घेऊन दोन बिंदू स्वतः टाका.

कनेक्टर कापू नका, हेही सांगून ठेवतो. ४.९ च्या सेन्सरला वायरी पाच आणि कनेक्टरला पिना सहा. सहाव्याचं रहस्य म्हणजे कनेक्टरच्या आत बसवलेला एक रोध. प्रत्येक सेन्सर कारखान्यात मोजून त्याप्रमाणे हा रोध लेझरने कापलेला असतो, ३० ते ३०० ओममध्ये. कनेक्टर कापून टाकला की त्या सेन्सरची जन्मपत्रिकाच फेकून दिल्यासारखं आहे. वायर वाढवायची तर कंट्रोलरच्या बाजूची वाढवा.

---

रिच_की_लीन

ई२० चं उत्तर राहिलंय.

सेन्सरला पेट्रोल काय, इथेनॉल काय, काही कळत नाही. धुरात ऑक्सिजन उरलाय की इंधन उरलंय, एवढंच तो बघतो. म्हणजे तो लॅम्ब्डाच मोजतो. गेज त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत ई२० असताना गेजवर १४.७ दिसलं तर लॅम्ब्डा १ आहे. प्रत्यक्षात हवा-इंधनाचं प्रमाण १३.५ च्या आसपास असतं, पण त्या आकड्याशी आपल्याला काम नाही.

म्हणून टार्गेट टेबल पेट्रोलच्याच स्केलवर ठेवा: स्लो आणि क्रूझला १४.७, पूर्ण थ्रॉटलला १२.७ ते १२.९, म्हणजे लॅम्ब्डा ०.८७ च्या आगेमागे. स्पीडुइनोच्या इंजिन कॉन्स्टंट्समध्ये स्टॉइक रेशो (लॅम्ब्डा १ चं प्रमाण) पण १४.७ च असू द्या. तिथे १३.५ टाकलंत आणि कॅलिब्रेशन १४.७ चं राहिलं, तर ट्यूनरस्टुडिओ १४.७ भागिले १३.५ करून लॅम्ब्डा १.०९ दाखवेल आणि तुम्ही बरोबर चाललेल्या इंजिनात पेट्रोल वाढवत बसाल. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे सगळीकडे लॅम्ब्डातच बघायचं.

फरक पडतो तो व्हीई टेबलमध्ये. साध्या पेट्रोलवर जुळवलेला मॅप कुणाकडून आणलात, तर ई२० वर त्याला ७-८ टक्के जास्त इंधन लागेल.

क्लोज्ड लूपबद्दल (सेन्सरचा आकडा बघून ईसीयूने पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणं) माझं मत: ट्यूनिंग चालू असताना पूर्ण बंद. नाहीतर ईसीयू मागून दुरुस्ती करत राहतो आणि टेबल चुकलेलं कळतच नाही.

---

सोल्डरगन

ट्यूनिंगपुरतं मान्य, पण नंतर चालू ठेवायला हरकत नाही. मर्यादा ±१० टक्के, कूलंट ७० अंशांच्या वर, सुरू केल्यावर ३० सेकंद थांबून, आणि फक्त क्रूझमध्ये. पूर्ण थ्रॉटलवर बंद. ते ३० सेकंद का? सेन्सर गरम होत असताना काही कंट्रोलर ० व्होल्टला बसतात. ईसीयू ते अतिरिच समजतो आणि थंड इंजिनचं पेट्रोल कापतो. गाडी सुरू होऊन पंधरा सेकंदांत बंद पडते आणि लोक आयडल व्हॉल्व्ह साफ करत बसतात. सेटिंगमध्ये ‘या एएफआरच्या खाली दुरुस्ती नको’ अशी जागा आहे, तीही भरा.

---

सह्यधार

शेवटचे दोन प्रश्न. ऑनलाइन ४.९ खूप वेगवेगळ्या किमतीत दिसतोय, खरा कसा ओळखायचा? आणि बसवल्यानंतर स्लोवर १६-१७ दाखवलं तर थेट पेट्रोल वाढवायचं का?

---

ओमचा_नियम

कंट्रोलरबरोबर नेहमी येतो तो बॉश ० २५८ ०१७ ०२५. सेन्सरच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, नुसत्या स्टिकरवर भरवसा नको. हातात आला की मल्टिमीटरने दोनच गोष्टी बघा: हीटर, म्हणजे कनेक्टरच्या ३ आणि ४ नंबरच्या पिना (पांढरी, राखाडी वायर), थंड असताना ३ ओमच्या आसपास, आणि १ व ५ मधला तो रोध, ३० ते ३०० मध्ये. नकली मालात बरेचदा सगळ्या सेन्सरना एकाच किमतीचा रोध टाकलेला सापडतो, दोन घेतले असतील तर लगेच कळतं. पिवळ्या आणि काळ्या वायरीत मात्र ओम मोजायला जाऊ नका. तिथे नर्न्स्ट सेल आहे आणि मीटरचा डीसी करंट त्याला मारक ठरतो.

आणि सिलिकॉन. ऑइल पॅनला किंवा इनटेकला साधं आरटीव्ही (सिलिकॉनचं सीलंट) लावून लगेच गाडी सुरू केली, तर त्याची वाफ सेन्सरवर काचेसारखा थर देते. ट्यूबवर सेन्सर-सेफ लिहिलेलंच वापरा. पावसाळ्यात वायरींवर मारतात तो सिलिकॉन स्प्रे एअर फिल्टरपासून दूर ठेवा.

---

रिच_की_लीन

स्लोवर १७ दिसलं की लगेच पेट्रोल वाढवू नका. आधी इंजिन मिसिंग करतंय का ते ऐका. एक सिलिंडर पेटला नाही की त्याच्यातला सगळा ऑक्सिजन तसाच पाईपात जातो आणि सेन्सर लीन म्हणतो. त्याच सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोलही सोबत असतं, पण ऑक्सिजनचा जोर जास्त पडतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग आणखी भिजतो, मिसिंग वाढतं, गेज आणखी लीन. या चक्रात प्लग काळे होतात आणि माणूस म्हणतो सेन्सर खराब आहे.

ओळखायची युक्ती: व्हीई त्या जागी ५ टक्के वाढवा. खरंच लीन असेल तर आकडा खाली येईल आणि स्लो सुधारेल. आकडा जागचा हलला नाही किंवा वर गेला, तर प्लग, वायर आणि गळती बघा. गळतीसाठी थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर दाबा. मॅनिफोल्डच्या सांध्यातून फुस्स आवाज येतो. ३००० आरपीएमला १४.७ आणि फक्त स्लोवर १७, हा नमुना बहुतेक वेळा गळतीचा. स्लोवर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये पाईपात दाब पडतो आणि बाहेरची हवा आत खेचली जाते, रेस दिली की ते झाकलं जातं. पाईप सेन्सरपासून पुढे अर्धा मीटरभरच ठेवून कापला असेल, तरी हेच दिसतं.

व्हीई अ‍ॅनालाइझ (व्हीई टेबल आपोआप सुधारणारी सोय) चालवणार असाल तर ट्यूनरस्टुडिओतला लॅम्ब्डा डिले टेबलही बघा. सेन्सर ६० सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे स्लोवरचा धूर उशिरा पोचतो. तो उशीर धरला नाही तर सॉफ्टवेअर टेबलातल्या या सेलची (चौकटीची) चूक शेजारच्या सेलमध्ये भरतं. थ्रॉटल सोडल्यावर इंधन कापलं जातं तेव्हा गेज अगदी टोकाला जातो. ते नमुने फिल्टरने वगळा, नाहीतर उतारावरचे सगळे सेल फुगलेले सापडतील.

---

सह्यधार

सेन्सर ०१७ ०२५ आणि ० ते ५ व्होल्टचा गेज मागवतोय. रिले फ्युएल पंपच्या सिग्नलवर, अर्थ ब्लॉकवर, नट साडेदहाच्या कोनात. गेज आणि लॅपटॉपमधला फरक लाइट लावून आणि बंद करून इथेच टाकतो.

---

सोल्डरगन

ब्लॉक ते बॅटरीची अर्थ केबलही तेव्हाच काढून दोन्ही टोकं घासून घ्या. जुन्या जिप्सीत ती बोल्टखाली हिरवी पडलेली असते.